'छान म्हणा, नाहीतर पुढे व्हा' म्हणे!

गंगापूररोडकर: परवा इथे एका मॅडमनी रामकुंडावरचा फोटो टाकला. कोणीतरी दोन सूचना केल्या तर उत्तर आलं, "मी हौसेने फोटो काढते, परीक्षेला बसलेली नाही. आवडला तर छान म्हणा, नाहीतर पुढे व्हा." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. तिथेच लिहायला घेतलं होतं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, 'कडक' आणि 'क्या बात' वाचून कोणाचा फोटो सुधारलाय? नांदूर मधमेश्वरला थंडीत भल्या पहाटे दात वाजवत काढलेले माझे चमचे (पक्षी हो!) दोन हिवाळे पांढरेफटक येत होते. पिसांचा पत्ता नाही, नुसता चुन्याचा फराटा. खाली चाळीस जण 'अप्रतिम'. एकाच काकांनी लिहिलं, "मागचं पाणी गडद आहे. कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडलाय, तो उजेड वाढवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे एकवर घे आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटतो का बघ." डोकंच फिरलं माझं. दोन दिवस उत्तर दिलं नाही. रविवारी गुपचूप उणे एक केलं, तर पीस न् पीस दिसलं. आता त्या चाळीस जणांची आरती ओवाळू?

निफाडचा_द्राक्षवाला: चमचा काय, दर्वीमुख म्हणा. मराठी नावं आपणच टिकवायची. आणि नांदूर मधमेश्वर म्हणजे रामसर यादीत, महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेली राज्यातली पहिली पाणथळ आहे, नुसतं 'पक्ष्यांना जाऊन आलो' म्हणू नका.

सातपूर_सेकंडशिफ्ट: तुम्हाला ते काका भेटले, नशीबवान आहात. मला काय भेटले ते ऐका. रात्री साडेअकराला कंपनीतून सुटलो, पहाटे बाइक काढून गंगापूर धरणावर गेलो. फोटो टाकला. पहिला प्रतिसाद: "क्षितिज तिरकं. डिलीट." दुसरा: "१८-५५च्या साध्या लेन्सने पक्षी काढतात का? लेन्स बदला." लेन्स बदला! कॅमेऱ्याचे हप्ते तुमचे तीर्थरूप भरणार का? नंतर आठ महिने कॅमेरा कपाटात होता. तेव्हा मॅडमचं काही चुकलं नाही.

गंगापूररोडकर: ते उद्धट होते हे मान्य. पण क्षितिज तिरकं होतं का नव्हतं?

सातपूर_सेकंडशिफ्ट: होतं. म्हणून काय झालं?

पंचवटीकर: तुमचं क्षितिज चालू द्या. त्या मॅडमच्या फोटोत काय होतं ते कोणी नीट पाहिलं का? नुकतं मुंडन केलेला माणूस, पाठमोरा, हातात पिंडाची पत्रावळ. आणि खाली सूचना कसली, तर "डावीकडे थोडी जागा सोडायला हवी होती." वा रे रचना!

माझ्या वडिलांचा दहावा तिथेच झाला. कावळा शिवेना. तासभर आम्ही हात जोडून उभे. समोर एक जण लांब नळीची लेन्स लावून उकिडवा बसलेला, तोही कावळ्याचीच वाट बघत. शेवटी कावळा शिवला तेव्हा आधी कटकटकट आवाज आला, मग आईचा हुंदका. तो फोटो कुठेतरी असेल. 'अप्रतिम'ही मिळाले असतील.

कॉलेजरोड_क्लिक: वाईट वाटलं, पण घाट सार्वजनिक आहे. असं धरलं तर कुंभमेळ्याचा एक फोटो निघणार नाही. साधू तर स्वतः पोझ देतात.

पंचवटीकर: साधू पोझ देतात. माझी आई देत नव्हती.

कॉलेजरोड_क्लिक: भावनिक होऊ नका. रस्त्यावरच्या छायाचित्रणात विचारत बसलं की क्षण जातो. आपल्या त्र्यंबकचे फाळके विचारत बसले असते तर...

सातपूर_सेकंडशिफ्ट: आले! नाशिककरांच्या वादात दहा प्रतिसादांच्या आत फाळके आले नाहीत तर फाऊल धरतात. 😂 आणि त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं होतं हो, कोणाचा दहावा नाही.

कॉलेजरोड_क्लिक: फालतू विनोद. स्वतः घाटावर कधी फिरकला नाहीत, आम्हाला शिकवताय.

पंचवटीकर: मी रोज फिरकतो. घर आहे तिथे. पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं ते बघायला आम्हाला कॅमेरा लागत नाही, आणि तुम्ही सगळे त्याच दिवशी उगवता.

गंगापूररोडकर: मूळ मुद्द्यावर या की राव. विषय होता सूचना कराव्यात का.

पंचवटीकर: हीच सूचना आहे. 'हा फोटो काढायला नको होता' हे कोणी सांगायचं? तुमचे चाळीस तर सांगत नाहीत, आणि तुमचे काका हिस्टोग्राम बघतात.

गंगापूररोडकर: ...बरं. हा वार बसला. फोटो मीही पाहिला होता आणि माझंही लक्ष आधी डावीकडच्या जागेकडेच गेलं. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं, की बोलायला हवं!

पंचवटीकर: घ्या, जिंकलात. पेढे वाटा.

हौशी_नाशिककर: मीच त्या मॅडम. फोटो काल रात्रीच काढून टाकलाय. तुमच्या भाषणांमुळे नाही, माझ्या सासूबाईंनी बघितला आणि "हे कोणाच्या घरचं दुःख गं?" एवढंच विचारलं म्हणून. परीक्षेबद्दलचं मत कायम आहे. आणि ते उणे एक मोबाइलवर कुठे असतं? परसातले बगळे माझेही चुन्यासारखेच येतात.

गंगापूररोडकर: स्क्रीनवर बगळ्यावर बोट टेकवा. बऱ्याच फोनवर बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं खाली ओढा.

सातपूर_सेकंडशिफ्ट: आणि क्षितिज तिरकं आलं तर इकडे टाकू नका, मला वैयक्तिक पाठवा. मी छानच म्हणेन.