मदत हवी आहे: कॉइल शेगडीचा एक बर्नर धड तापत नाही

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, घरी २४० व्होल्टची कॉइलवाली इलेक्ट्रिक शेगडी आहे. पुढचा मोठा बर्नर मधेच लाल होतो, मधेच गार पडतो. कुकरची शिट्टी होता होता राहते, आईची फार चिडचिड होते.

मागच्या मोठ्या बर्नरच्या जागी हीच कॉइल लावली तर व्यवस्थित तापते. मल्टिमीटरवर साधारण २५ ओहम दाखवते, म्हणजे कॉइल शाबूत असावी. पण ती खोचतो त्या सॉकेटमधली एक पट्टी काळी पडलीय, कॉइलच्या त्या टोकालाही खड्डे पडलेत. मला तरी दोष तिथेच दिसतो. ब्रेकर पाडूनच हात घालणार आहे.

नुसतं सॉकेट बदलून भागेल, की खड्डे पडलेली कॉइलही बदलू? नाहीतर नवं सॉकेटही जळेल अशी भीती वाटते. बटणामागचा स्विच कसा तपासायचा? आणि वायर जोडायला सिरॅमिकचेच नट घ्यायचे ना?