मदत हवी आहे: बोर्ड आउट होऊ (मेडिकल बोर्डामार्फत नोकरीतून बाहेर पडू) की टिकून राहू?

जय हिंद.

पायदळात नाईक आहे. नोकरी १३ वर्षं ४ महिने झाली. तीन वर्षांपूर्वी जम्मू-काश्मीरमध्ये पुढच्या चौकीवरून गस्तीला उतरताना बर्फात पाय सरकला आणि उजवा गुडघा पिळवटला गेला. लिगामेंट तुटलं होतं. लष्करी रुग्णालयात ऑपरेशन झालं. आधी तात्पुरती लो मेडिकल कॅटेगरी मिळाली, ती वाढली आणि शेवटी ए-३ परमनंट, म्हणजे हातापायाच्या दुखण्याची कायमची खालची कॅटेगरी, झालो. चढण, पळणं, जड वजन सगळं बंद. दीड वर्ष झालं, क्यूएम स्टोअरमध्ये (युनिटच्या सामानाच्या कोठारात) बसतो. पुढचं रिकॅट, म्हणजे कॅटेगरीची फेरतपासणी, पाच महिन्यांवर आलंय.

खरं सांगतो, स्टोअरचं काम मला कमी वाटत नाही. कोणीतरी ते नीट केलं तरच वरच्या पोरांना वेळेवर बूट आणि स्लीपिंग बॅग मिळते. पण गेल्या महिन्यात माझं सेक्शन वर गेलं तेव्हा सामान मोजून सही माझीच होती आणि गाडीत मी नव्हतो. ज्या दोन पोरांना मी दोर बांधायला शिकवलं ती जाताना म्हणाली, "उस्ताद, येतो." त्या रात्री झोप लागली नाही.

आता मुद्द्यावर येतो.

गुडघा सुधारत नाहीये. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी सुजतो, जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. डॉक्टर म्हणाले, कूर्चा झिजली आहे, जपा. मी ३४ वर्षांचा आहे. अजून चाळीस वर्षं ह्याच पायावर काढायची आहेत.

पंधरा वर्षं भरायला २० महिने उरलेत. तेवढी भरली की सर्व्हिस पेन्शनचा हक्क पक्का. १६ वर्षांना दुसरं एमएसीपी (बढती नसली तरी मिळणारा वरचा पगार), म्हणजे हवालदाराचा पे लेव्हल. ते सोडून आत्ता बाहेर पडणं शहाणपणाचं आहे का?

हिशेब मांडून पाहिलाय. बेसिक ३३,३०० आणि एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) ५,२००, मिळून ३८,५००. बोर्डाने इनव्हॅलिड केलं (नोकरीला अयोग्य ठरवलं) आणि दुखापत नोकरीमुळे झाल्याचं मान्य झालं, तर पेन्शनचा नोकरीचा भाग, म्हणजे सर्व्हिस एलिमेंट, निम्मं, १९,२५०. त्यावर अपंगत्वाचा भाग, डिसॅबिलिटी एलिमेंट: शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के धरतात, म्हणजे ११,५५०. मला ३० टक्के दिलं तर इनव्हॅलिड झाल्यावर ते ५० टक्के धरतात, म्हणजे ५,७७५. एकूण २५,०२५, वर महागाई भत्ता. स्वतःच्या अर्जावर आत्ता निघालो तर सर्व्हिस पेन्शनच नाही. ह्यात काही चुकत असेल तर सांगा.

एक सिनियर म्हणतात, शेल्टर्ड अपॉइंटमेंट (स्टोअरसारखं हलकं काम) नको असं लिहून दे, आपोआप बोर्ड होईल. दुसरे म्हणतात, मेलास तरी असं काही लिहून देऊ नको. दोघांचाही माझ्यावर जीव आहे, म्हणूनच जास्त गोंधळ होतो. बायको म्हणते, तुम्ही ठरवाल ते. मला ते सगळ्यात जड जातं.

ज्यांनी हे स्वतः भोगलंय त्यांनी कृपया लिहा. फक्त पैशांचं नको, बाहेर पडल्यावर पहिलं वर्ष कसं गेलं तेही सांगा.

प्रतिसाद १ (निवृत्त सुभेदार, क्लार्क)

भाऊ, हिशेब बरोबर मांडलाय, पण प्रश्न थोडा उलटा धरलाय. मेडिकलवर बाहेर पडणं आपण निवडत नसतो, ते बोर्ड ठरवतं. तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: कशावर सही करायची आणि कागद कसे ठेवायचे.

शेल्टर्ड अपॉइंटमेंट नाकारणं आणि मर्जीने डिस्चार्ज मागणं हे दोन वेगळे कागद आहेत. जुन्या पेन्शन नियमांत पहिला प्रकार इनव्हॅलिड धरला जायचा. पण २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले, म्हणून दहा वर्षांपूर्वी कोणाला किती मिळालं ते ऐकून सही करू नका. नोकरी पूर्ण करून जाणाऱ्याला आता डिसॅबिलिटी एलिमेंटऐवजी इम्पेअरमेंट रिलीफ मिळतो. ही नावं सारखी वाटतात, पण एक नाहीत. तुमच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

२००८ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की परमनंट लो मेडिकल कॅटेगरीच्या जवानाला इनव्हॅलिडिंग बोर्डाशिवाय त्या कारणावर काढता येत नाही, पण २०१० मध्ये लष्कराचा नियमच बदलला, म्हणून त्या निकालावर विसंबू नका. कोणी घाई केली तरी तुम्ही करू नका. पंधरा भरली की दार आपोआप उघडतं असंही समजू नका, त्यालाही मंजुरी लागते. आणि पैशाला धरतात ती टक्केवारी बाहेर पडतानाच्या बोर्डाची, आजची नव्हे.

सगळ्यात आधी इंजुरी रिपोर्ट काढा, आयएएफवाय-२००६. त्यावर तारीख, ठिकाण, तेव्हा ड्यूटीवर होता का, कुठला पाय, हे अक्षर न् अक्षर वाचा. मी चोवीस वर्षं कागदच पाहिले. चांगल्या माणसांचे दावे डॉक्टरमुळे नाही, अर्धवट लिहिलेल्या एका ओळीमुळे अडलेले पाहिलेत. तो कागद धड असेल तर बोर्ड लवकर झालं काय आणि उशिरा झालं काय, तुम्ही पक्क्या जमिनीवर उभे आहात.

प्रतिसाद २ (जवानाची पत्नी)

दादा, आमचे हे कंबरेचं दुखणं घेऊन पंधरा भरेपर्यंत थांबले. पेन्शन मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटचं दीड वर्ष दुखणं लपवून काम केलं, कुणी कामचुकार म्हणू नये म्हणून. आता जमिनीवर बसता येत नाही. थांबायचं असेल तर थांबा, पण लपवून नका थांबू. दुखलं की एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) जा आणि नोंद करून घ्या.

पहिल्या वर्षाचं विचारलंत म्हणून सांगते. सकाळी पाचला उठून तयार होऊन बसायचे आणि मग कुठे जायचं ते कळायचं नाही. तुमच्या पत्नीशी ह्यावर आत्ताच बोला. "तुम्ही ठरवाल ते" म्हणणाऱ्या बाईच्या मनात पुष्कळ असतं. मीही तेच म्हणाले होते.

प्रतिसाद ३

बोर्ड आउट झालात तर खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची चौकशी करा. १९१७ पासून जखमी आणि अपंग सैनिकांना काम शिकवणारी संस्था आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही नाव घाला.

मूळ धागाकर्ता (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. सुभेदार साहेब, तुम्ही सांगितल्याबरोबर इंजुरी रिपोर्टची प्रत मागितली. काल मिळाली. तारीख बरोबर, ठिकाण बरोबर, ड्यूटीवर होतो हेही लिहिलंय. पण दुखापतीच्या रकान्यात "डावा गुडघा" आहे. तीन वर्षं तो कागद तसाच पडून होता आणि मी एकदाही उघडून पाहिला नव्हता. रुग्णालयाच्या डिस्चार्ज स्लिपवर आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (लष्करी चौकशीच्या कागदात) मात्र उजवाच आहे.

दुरुस्तीचा अर्ज लिहिलाय, दोन्ही प्रती जोडून सोमवारी कंपनी ऑफिसला देतो. तोपर्यंत कुठल्याही नकारावर सही करणार नाही. स्टोअरमध्येच आहे, गुडघा सुजला की एमआय रूमला जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा लाज वाटली, दुसऱ्यांदा नाही.

वहिनी, बायकोशी बोललो. दोन तास बोललो. तिला पेन्शनची भीती नव्हतीच. मी घरी येऊन गप्प बसून राहीन, ह्याची होती.

कोणी असा रिपोर्ट दुरुस्त करून घेतला असेल तर सांगा. रिकॅटच्या आत होतो का? आणि नाही झाला तर बोर्डासमोर डिस्चार्ज स्लिप ठेवली तर चालते का?