तेलावर शुल्क वाढवायचं, का आधी अर्जेंटिनाला विचारायचं?

सोयाबीनवाला, कऱ्हाड
परवा यार्डात माल नेला. व्यापाऱ्यानं पोत्यात हात घातला, मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मीटरमध्ये टाकले आणि म्हणाला, "15 आलंय, 12 च्या वरचं कापणार." क्विंटलला हातात पडले 4,100. यंदाचा, म्हणजे 2025-26 चा हमीभाव 5,328! मे 2025 ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्के केलं, त्याचा हा प्रसाद. बाहेरचं तेल तिथल्या सरकारच्या जिवावर स्वस्त येत असेल तर अनुदानविरोधी शुल्क लावा की. तर म्हणे, चौकशी सुरू करायच्या आधी त्याच सरकारला सल्लामसलतीला बोलवायचा नियम आहे. चोराला विचारून कुलूप लावायचं का?

तेलाचा डबा, मिरज
कसलं अनुदान, राव? सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलचं. अर्जेंटिना तर निर्यातीवर उलट कर घेते.

कागद वाचणारा, सातारा
मेख तिथंच आहे. दाण्यावर निर्यात कर बसला की दाणा देशातच स्वस्त राहतो, फायदा तिथल्या कारखान्यांना. याच मुद्द्यावर युरोपनं 2019 ला अर्जेंटिनाच्या बायोडिझेलवर अनुदानविरोधी शुल्क लावलं. पण तिथल्या निर्यातदारांनी ठरल्या किमतीखाली विकणार नाही असं लिहून दिलं, मालाच्या मर्यादेसह, आणि युरोपनं ते मान्य केलं. बोलणी अगदीच फुकट जात नाहीत.

ऊसवाला, वाळवा
चोर-बिर जरा जपून म्हणा. साखरेत चोर आपण ठरलोय! 2019 ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला आपल्या एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) आणि निर्यात अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. तिथंही सुरुवात सल्लामसलतीनंच. डिसेंबर 2021 ला निकाल आपल्या विरोधात. अपील केलंय, पण ऐकायला तिथं पुरेसे न्यायाधीशच नाहीत. त्या बोलवायच्या नियमानं आपल्यालाही बाजू मांडता येते, हे विसरू नका.

सोयाबीनवाला, कऱ्हाड
दादा, तुमच्या एफआरपीला 14 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, आमचा हमीभाव नुसता फळ्यावर. चौकशीला वर्ष जातं, फार तर 18 महिने. तोवर माझी दोन सोयाबीनं निघतील. आणि साधं आयात शुल्क वाढवायला कुणाला विचारायचंच नाही. सोयातेलावर जागतिक व्यापार संघटनेत 45 टक्क्यांपर्यंत मुभा आहे. 10 चं परत 20 करा, मग बसा बोलत.

तेलाचा डबा, मिरज
आणि 15 लिटरचा डबा आम्ही घ्यायचा. तुमच्या घरी कुठलं तेल आहे, खरं सांगा?

सोयाबीनवाला, कऱ्हाड
पामचं. 4,100 मध्ये तेवढंच परवडतं.