जीभ, भाषा की जबान? एका शीर्षकाचं मराठी अडलंय

शेवंती:
दृश्यकलाकार शिल्पा गुप्ता यांच्या 'फॉर, इन युवर टंग, आय कॅनॉट फिट' (2017–18) या कलाकृतीवर दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: अंधारी खोली, उभ्या सळ्यांवर टोचलेले 100 कागद आणि प्रत्येक कागदावर एकेका कवीच्या ओळी. कवी सातव्या शतकापासून आजपर्यंतचे, लिहिण्याबोलण्यापायी तुरुंगात गेलेले. प्रत्येक कागदाच्या वर मायक्रोफोन लटकतोय, पण तो आवाज टिपत नाही, ऐकवतो. आतली जोडणी उलटी करून त्याचा स्पीकर केलाय. एक आवाज ओळ म्हणतो आणि बाकीचे झिलकऱ्यांसारखे ती उचलून धरतात. 2018 च्या कोची बिएनाले या कलाप्रदर्शनात मी ते पाहिलं.

गाडी शीर्षकापाशी अडलीय. इंग्रजी 'टंग' म्हणजे जीभही आणि भाषाही. 'तुझ्या भाषेत मी मावत नाही' केलं तर जीभ गेली, आणि तो सळीने भोसकलेला कागद पाहिल्यावर जीभ घालवून चालणार नाही. 'तुझ्या जिभेत' केलं तर संपादक विचारतात, जिभेत मावायचं म्हणजे काय? काय करू?

पाटीपेन्सिल:
'जबान' घ्या ना. फारसीत जीभही तीच आणि भाषाही तीच. जबान देणे, जबान सांभाळणे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रुळलंय. शिवाय चौकीत घेतात ती जबानी! या शंभर जणांकडून दुसरं काय मागितलं गेलं?

देवगिरी:
जबानी कळली, पण 'जबान' मराठीत वचन किंवा बोलण्याची तऱ्हा एवढ्यापुरतीच आहे. 'माझी जबान मराठी' असं कुणी म्हणतं का? हा हिंदी सिनेमाने घडवलेला कान आहे. आपल्याकडे 'वाणी' आहे, ती वापरा.

पाटीपेन्सिल:
वाणी संतांची, वाणी अमृताची. जो माणूस दुसऱ्याला बोलू देत नाही त्याच्या तोंडाला वाणी म्हणायचं? माझं मन घेत नाही. परका शब्द टाळायचा म्हणून चुकीच्या रंगाचा शब्द घेणं ही भाषेची सेवा नव्हे.

गोंयकार:
कोंकणीतही हाच पेच आहे. भाषा ती 'भास', मातृभाषा 'आवयभास', आणि जीभ ती 'जीब'. दोन्ही वेगवेगळ्या. म्हणजे एकट्या मराठीची ही उणीव नाही.

माधुकरी:
सगळे जिभेला धरून बसलात. खरी कळ 'मावणे'त आहे. हे शीर्षक नसीमीच्या एका ओळीवरून घेतलंय. चौदाव्या-पंधराव्या शतकातला हा अझरबैजानी कवी हुरूफी पंथाचा होता. हुरूफ म्हणजे अक्षरं, आणि अक्षरांत ईश्वर पाहणारा हा पंथ. पाखंडी ठरवून अलेप्पोमध्ये त्याला ठार मारलं. त्याच्या ओळीचा अर्थ असा: दोन्ही जगं माझ्यात मावतात, मी या जगात मावत नाही.

आता संस्कृत कवी माघ काढून बघा. त्याच्या 'शिशुपालवध' महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात नारद येतात तेव्हा कृष्णाबद्दल म्हटलंय की प्रलयकाळी ज्या देहात सगळी जगं ऐसपैस राहतात, त्या देहात नारदाच्या येण्याचा आनंद मावला नाही: 'तनौ ममुस्तत्र न कैटभद्विषः'. ते 'ममुः' म्हणजे आपलंच मावणे. धातू 'मा', मोजणे. 'आनंद गगनात मावेना' त्याच घरचं. नसीमीला इतकं जवळचं क्रियापद आयतं हाताशी असताना त्याला हात लावू नका.

कृष्णाकाठ:
माधुकरींचा मुद्दा मोलाचा आहे, पण आमच्याकडचा एक फरक सांगते. धान्य कणगीत 'मावत' नाही, पण अंगरखा अंगाला 'बसत' नाही. मावत नाही ते जास्त असतं, बसत नाही ते वेगळ्या मापाचं. कवी भाषेपेक्षा मोठा आहे की त्या भाषेच्या मापाचाच नाही? इंग्रजीत दोन्ही 'फिट' या एका शब्दात उरकतं, आपल्याला ठरवावं लागतं.

आणि नवं नाव आपल्या 'तोंडात बसत नाही' म्हणतो तेव्हा जीभही आली आणि भाषाही. 'कारण तुझ्या तोंडात मी बसत नाही.' विचार करा.

शेवंती:
कृष्णाकाठताई, 'तोंडात बसणे' मला सुचलंच नव्हतं! पण नसीमी सुटतो त्यात. आणि तोंड म्हटलं की घास आठवतो, ते आहेच.

देवगिरी:
शिवाय 'फॉर' म्हणजे नुसतं 'कारण' नाही. ज्ञानेश्वरीतलं 'कां जे' घ्या. त्यात आधीचं काहीतरी तुटून आल्याचा भास आहे.

पाटीपेन्सिल:
प्रदर्शनाच्या भिंतीवर 'कां जे' किती जणांना कळेल? शीर्षक रोजच्या वापरातलं हवं. चित्रकार जितिश कल्लाट यांची 'पब्लिक नोटिस' मालिका घ्या. दुसऱ्या कामात (2007) गांधीजींचं दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं भाषण हाडांच्या आकाराच्या अक्षरांत मांडलंय. मराठी करायचं तर मी 'जाहीर नोटीस' म्हणेन. वर्तमानपत्रात वकील तेच छापतात. एक शब्द अरबी, एक इंग्रजी, आणि दोन्ही मिळून अस्सल मराठी.

देवगिरी:
'जाहीर सूचना'ने काय बिघडतं?

पाटीपेन्सिल:
सूचना वाचून पुढे जाता येतं. नोटीस लागली की माणूस थांबतो.

माधुकरी:
यातलं कुठलंही शीर्षक घ्या, पण खाली 'मांडणशिल्प' लिहू नका. ज्या कामाचा अर्धा जीव आवाजात आहे त्याला शिल्प का म्हणायचं?

गोंयकार:
मग काय लिहायचं, इन्स्टॉलेशन? मांडणशिल्प समीक्षेत चांगलं रुळलंय. 'मांडणे' घरचं क्रियापद: डाव मांडतात, पूजा मांडतात, संसार मांडतात. पूजेत घंटाही वाजतेच की.

माधुकरी:
'मांडण'बद्दल तक्रार नाही. 'शिल्प'बद्दल आहे.

कृष्णाकाठ:
एक बारीकशी दुरुस्ती, कारण वर कुणी विचारलं नाही तरी लोक दोन्ही एकत्र करतात: जबानी फारसी 'जबान'वरून, पण जबाब अरबी 'जवाब'वरून. पोलीस 'जबाब नोंदवला' म्हणतात तेव्हा त्यात जीभ नसते, उत्तर असतं.

पाटीपेन्सिल:
पण आमच्या गावी जबानी आणि जबाब यांत कुणीच फरक करत नाही, आणि बोलणाऱ्याला तो एकच शब्द वाटत असेल तर मूळ वेगळं असून काय फरक पडतो?

देवगिरी:
पडतो. उद्या सविस्तर लिहितो.