टीम जमली कशी, फिसकटली कशी? तुमचा अनुभव सांगा

गेल्या महिन्यात नऊ जणांची टीम माझ्या गळ्यात पडली. त्यातले दोघे एकमेकांशी फक्त मेलवर बोलतात, तेही मला सीसीत ठेवून. टेबलं शेजारी-शेजारी! मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाचे टप्पे मांडले: आधी जुळवाजुळव, मग वादळ, मग घडी बसणं, मग काम. आम्ही वादळात आहोत एवढं कळलं, पण त्यातून बाहेर कसं पडायचं ते कळेना. सल्ले पुष्कळ मिळाले. मला घडलेलं ऐकायचंय.

*

मी ओटीत सिस्टर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट २००८ साली आली. तिच्यात कट देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. सुरुवातीला आम्ही हसायचो. रोज एकत्र उभे राहतो, नावं काय सांगायची?

एकदा पोट शिवायला घेताना नवीन मुलगी पुटपुटली, "सर, एक मॉप कमी आहे." (मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड.) सरांनी वर न बघताच विचारलं, "नीट मोजलंस?" तिचा आवाज कापत होता, तरी ती म्हणाली, "दोनदा." सगळं थांबलं. तिसऱ्यांदा मोजलं, तरी एक कमीच. शेवटी तो टेबलाच्या पायाशी, हिरव्या कापडाच्या घडीत सापडला. म्हणजे पोटात काहीच नव्हतं आणि सरांची दहा मिनिटं गेली होती. मला वाटलं, आता हिची कंबख्ती. सर म्हणाले, "पुढच्या वेळीही असंच थांबव." मला तर वाटतं, आमची टीम त्या दिवशी झाली. सकाळी तिने सगळ्यांसमोर नाव सांगितलं नसतं, तर तिचा आवाज फुटला असता का, कोण जाणे.

संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीम्स तपासल्या, तेव्हा चांगल्या टीम्समध्ये चुकांच्या नोंदी जास्त दिसल्या. तिथले लोक चुका लपवत नव्हते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. वाचल्यावर मला ती मुलगीच आठवली.

*

सॉफ्टवेअरवाला. आम्ही पाच जण, काम लांबलेलं. वरून आणखी चार माणसं दिली. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १०, नऊ जणांत ३६. जुने नव्यांना शिकवण्यात अडकले आणि काम आणखी रखडलं. संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच हे लिहून ठेवलंय, पण साहेबांना कोण सांगणार! शेवटी आम्हीच दोन गट पाडले, मधला व्यवहार दोघांवर सोपवला. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

*

टीम बिल्डिंगच्या सहलींबद्दल कोणी बोलत नाहीये, म्हणून मीच बोलतो. आम्हाला दर वर्षी रस्सीखेच खेळायला लावायचे. गंमत म्हणजे रिंगेलमान नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दोरी ओढायलाच लावून दाखवलं होतं की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. आमच्या ऑफिसातही तेच: "आपण सगळे मिळून बघू" म्हटलं की कुणीच बघत नसे. फळ्यावर प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहायला लागलो, आणि निम्मी कुरबुर तिथेच संपली.

*

माझा अनुभव उलट्या बाजूचा आहे. टीम मीच बिघडवली होती. मीटिंगमध्ये प्रश्न टाकायचो आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच बोलायचो. नाहीतर आमच्या एका हुशार मुलाकडे बघायचो. दोन वर्षांनी एक सहकारी नोकरी सोडून गेली. शेवटच्या दिवशी तिने वही दाखवली. ज्या घोळावर आम्ही महिनाभर डोकं आपटत होतो, त्याचं उत्तर तिने पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं. मी विचारलं, "बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही थांबलात कधी?"

आता मी सगळ्यांत शेवटी बोलतो. फार जड जातं. जीभ चावून बसतो.

*

कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. पाळी बदलताना रजिस्टरमध्ये "मशीन ओके" लिहून लोक पळायचे, मग सकाळची पाळी रात्रीच्या पाळीला शिव्या घालायची. आता दोन्ही ऑपरेटर दहा मिनिटं मशीनपाशी उभे राहतात. बेअरिंग गरम होतंय की नाही, ते हात लावून दाखवायचं. भांडणं होतात, पण तोंडावर होतात.

*

धागा मीच काढला होता, म्हणून कळवतो. काल त्या दोघांना एकाच कामाला लावलं, फळ्यावर दोघांची वेगवेगळी नावं लिहून. सकाळभर शुकशुकाट. दुपारी पहिल्याचा मेल आला, सीसीत मी होतोच. दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत बसलो, ते काही आलं नाही. मान वर करून पाहिलं, तर तो खुर्ची ओढत शेजारच्या टेबलाशी निघाला होता. चेहरा मात्र अजून चढलेलाच.