शब्दचर्चा : ‘पेरिनेटल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि आठवड्यातले दोन दिवस अक्कलकोट व दक्षिण सोलापूर तालुक्यांतल्या आरोग्य केंद्रांवर गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणी तपासते. या कामाचे इंग्रजी नाव ‘कम्युनिटी पेरिनेटल मेंटल हेल्थ’ असे आहे. आशाताईंच्या प्रशिक्षणासाठी मराठी टिपण लिहायला घेतले, तेव्हा त्यातले ‘मानसिक आरोग्य’ एवढेच सरळ उतरले आणि उरलेल्या दोन शब्दांनी मला आठवडाभर अडवून ठेवले, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे.

ग्रीक ‘पेरि’ (भोवती) आणि आपला ‘परि’ हे सख्खे भाऊ आहेत, आणि ‘नेटल’ (जन्माचा) हा आपल्या ‘जन्’ धातूच्या नात्यातला आहे. त्यामुळे अगदी शब्दशः घडवायचे तर ‘परिजात’ असा शब्द होतो आणि वाचणाऱ्याला अंगणातला पारिजातकाचा सडा आठवतो, तेव्हा तो नाद मी सोडला. खरी अडचण व्युत्पत्तीची नसून मुदतीची आहे. बालरोगतज्ज्ञ ‘पेरिनेटल’ म्हणतात तेव्हा गर्भाच्या बाविसाव्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या सात दिवसांपर्यंतचा काळ त्यांच्या मनात असतो, तर आम्ही तोच शब्द दिवस गेल्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंतच्या काळासाठी वापरतो. निदानाच्या पुस्तकांतही एकवाक्यता नाही, कारण आयसीडी-10 प्रसूतीनंतरचे सहा आठवडे धरते आणि डीएसएम-5 चारच धरते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने बाहेर पडते. सुश्रुतसंहितेत ‘सूतिका’ (बाळंतीण) हे नाव दीड महिन्याने सुटते असे म्हटले आहे, आणि काहींच्या मते ते पुन्हा पाळी येईपर्यंत राहते, असा मतभेदही तेथेच नोंदवला आहे. म्हणजे हा काळ कोठे संपतो हा वाद आमच्या पिढीचा नाही.

अशा स्थितीत कोणता शब्द योजावा, आणि मुळात एकच शब्द योजावा का, याविषयी मते हवी आहेत.

पहिला प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, सोलापूर)

डॉक्टर, अहवालासाठी ‘परिप्रसव’ हा शब्द घ्यावा असे मला वाटते. ‘प्रसूतिपूर्व’ आणि ‘प्रसूतिपश्चात’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत, पण त्यांनी काळाचे दोन तुकडे पडतात, आणि आपला मुद्दा नेमका तुकडे न पाडण्याचा दिसतो. ‘परिप्रसव’ अपरिचित आहे हे मान्य आहे, परंतु अपरिचित शब्दाला आपण ठरवू ती मुदत चिकटवता येते, हा त्याचा फायदाच आहे.

‘कम्युनिटी’बद्दल मात्र एक धोक्याची सूचना देतो. त्यासाठी ‘सामुदायिक’ मुळीच लिहू नका. आपल्याकडे सामुदायिक म्हटले की सामुदायिक विवाह सोहळा डोळ्यांसमोर येतो, आणि ‘सामुदायिक मानसोपचार’ वाचून एखाद्या सासूबाईंना वाटेल की सगळ्या बाळंतिणींना मंडपात ओळीने बसवून औषध देणार आहेत. ‘वस्तीपातळीवरील’ हा शब्द शहरात चालेल, पण गावात ‘वस्ती’ म्हणजे रानातली घरे, असा वेगळाच अर्थ निघतो.

दुसरा प्रतिसाद (परिचारिका, अक्कलकोट तालुका)

मॅडम, आमच्या भागात निम्मी घरे कन्नड बोलतात, म्हणून थोडी भर घालते. मराठीतली बाळंतीण कन्नडमध्ये ‘बाणंती’ होते, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर कुटुंबांत तिलाच ‘बालिंत’ म्हणतात. कोणी कोणाकडून घेतले ते सरांनी सांगावे. मला एवढेच दिसते की तिन्ही घरांत हा एक शब्द बोलला तर दुभाषी लागत नाही.

कन्नड घरांत ‘बाणंती सन्नी’ असाही एक शब्द आहे. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत बाई एकाएकी बरळू लागली, रात्ररात्र झोपेना, बाळ आपले नाहीच म्हणू लागली, तर म्हाताऱ्या बायका हे नाव घेतात. मराठी घरांत अशा वेळी ‘बाहेरचं झालंय’ किंवा ‘वारं लागलंय’ असे म्हणतात आणि मग प्रवास दवाखान्याऐवजी दुसऱ्याच दिशेला सुरू होतो. ‘सन्नी’ म्हणणारे कुटुंब निदान तो आजार आहे असे धरून चालते.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, ‘परिप्रसव’ स्वीकारते, पण तो अहवालापुरताच राहील. सिस्टर, ‘सन्नी’ म्हणजे आपला सन्निपातच, आणि तुम्ही वर्णन केलेल्या अवस्थेला मराठी पाठ्यपुस्तकी शब्द ‘सूतिकोन्माद’ असा आहे. हजार बाळंतपणांमागे एक किंवा दोन स्त्रियांना तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच होतो, आणि त्या दिवशीच रुग्णालय गाठावे लागते. ‘सूतिकोन्माद’ मी सोलापुरात एकाही रुग्णाच्या नातेवाइकाच्या तोंडून ऐकलेला नाही. त्यामुळे टिपणात ‘बाणंती सन्नी’ हा शब्द ठळक अक्षरांत जाईल.

तुमच्या दोघांच्या उत्तरांमुळे माझ्या लक्षात आले की मी चुकीच्या शब्दापाशी अडून बसले होते. कामाचे नाव कागदावर राहते, पण प्रश्नातला शब्द बाळंतिणीच्या खाटेपर्यंत जातो, आणि तो सासूबाईंच्या देखत ‘हो’ म्हणता येईल असा असावा लागतो. ‘नैराश्य’ या शब्दाचा अनुभव सांगते. वीस दिवसांच्या एका बाळंतिणीला मी विचारले, “निराश वाटतं का?” ती काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “निराश कशाला होईल, मुलगा झालाय की!” त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण ‘निराशा’ हा शब्दच कारण मागतो. आशा धरलेली असावी, ती मोडलेली असावी, तरच निराशा होते. मुलगी झाली असती तर त्याच शब्दाला आयते कारण मिळाले असते, आणि तेही तितकेच दिशाभूल करणारे ठरले असते. सासूबाई पाणी आणायला उठल्या तेव्हा मी पुन्हा विचारले, “करमतं का?” त्यावर ती म्हणाली, “करमंना. जेवू वाटंना. बाळाकडं बघू वाटंना,” आणि पदराने डोळे पुसू लागली. हे सोलापुरी ‘वाटंना’ कारण मागत नाही, दोष देत नाही आणि आजाराचे नावही घेत नाही. भारतातल्या अभ्यासांचे 2017 साली झालेले एकत्रित विश्लेषण प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण 22 टक्के दाखवते, आणि हा आकडा खरा मानला तर ‘वाटंना’ म्हणणाऱ्या पुष्कळ जणी आपल्या कानांवरून निसटत आहेत.

पाचवीच्या सुमारास येणारे उगाचचे रडू मात्र वेगळे आहे. ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, निम्म्याहून अधिक बाळंतिणींना येते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. त्याला ‘हळवेपणा’ म्हणणे पुरेसे आहे.

आता सर्वांत अवघड जागा. प्रसूतीनंतरचे नैराश्य चाचपण्यासाठी आम्ही 1987 साली तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली वापरतो, ज्यात दहा प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 3 गुण आहेत आणि चौकशी गेल्या सात दिवसांची आहे. तिचा सहावा प्रश्न सगळ्या गोष्टींचा भार आवरेनासा झाला आहे का, अशा आशयाचा आहे. मी मोठ्या हौसेने लिहिले, “सगळे अंगावर येते का?” मराठीत काम अंगावर येतेच, तेव्हा वाक्प्रचार अचूक होता. परंतु बाळंतिणीच्या बोलण्यात ‘अंगावर’ या शब्दाला आधीच भरपूर कामे लावलेली आहेत. ती बाळाला अंगावर पाजते, तिच्या अंगावरून जाते, दुखणे ती अंगावर काढते, आणि प्रत्ययाचा फरक पडला की अंगात येते. पहिल्याच दिवशी एका बाईने मला उत्तर दिले, “येतंय की, वरचं द्यावं लागंना.” ती दुधाबद्दल बोलत होती. मी कागदावर तिचे गुण मांडून मोकळी झाले होते, ते खोडावे लागले. आता तेथे “सगळं झेपंना असं होतं का?” असे लिहिले आहे. प्रमाण मराठीत ‘झेपत नाही’ हवे, हे सर सांगतीलच, पण या एका ठिकाणी मी ऐकणार नाही.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. ‘इजा’ म्हटले की येथे अपघात आणि पोलिसांचा पंचनामा आठवतो, म्हणून तेथे “जीव नकोसा होतो का? जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?” अशी दोन वाक्ये घातली आहेत. दुसऱ्या वाक्याला उत्तर ‘हो’ आले, तर बाकीचे गुण कितीही कमी असोत, आशाताईंनी त्याच दिवशी फोन करायचा आहे.

‘कम्युनिटी’साठी सरांची सूचना मानून मी शब्दच बदलला आणि ‘घरभेट’ असे लिहिले. आशाताई बाळासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तशाही घरी जातात, आणि आमचे प्रश्न त्याच भेटींत विचारले जाणार आहेत. टिपणाचे शीर्षक ‘गरोदर व बाळंतिणींच्या मनाची काळजी : घरभेटीतील प्रश्न’ असे ठरले आहे. ‘बाळंतीण’ या शब्दाची मुदत सव्वा महिन्याच्या पुढे ताणून मूल वर्षाचे होईपर्यंत नेली आहे, हे पहिल्या पानावरच लिहिले आहे. दहाव्या प्रश्नाखाली कंसात एक ओळ वाढवली आहे : हा प्रश्न सासूबाई चहा ठेवायला आत गेल्यावर विचारावा.