तुर्कीत 'मेक्तुप'चं 'मेक्तुबु' होतं, मग 'तोप'चं 'तोबु' का नाही?

मुक्ता_कोथरूड
घरीच तुर्की शिकतेय, अप्पा बळवंत चौकातून आणलेली दुरेघी वही भरत आली. स्वरांचा मेळ बसला: घर 'एव', घरं 'एवलेर'; पुस्तकं मात्र 'किताप्लार'. रस्ता 'योल', प्रवासी 'योल्जु', प्रवास 'योल्जुलुक', हेही जमतं. घोडं अडलंय द्वितीयेत. 'मेक्तुप' म्हणजे पत्र, त्याचं 'मेक्तुबु'. 'तोप' म्हणजे चेंडू, त्याचं मात्र 'तोपु'. प्रत्यय तोच, मग प एकीकडेच का बदलतो?

सायली_औंध
एकाक्षरी शब्द बहुधा बदलत नाहीत. 'इप' (दोरी) चं 'इपी'. पण 'दिप' (तळ) चं 'दिबी' होतं, तेव्हा निव्वळ अक्षरं मोजून भागत नाही.

नारायणपेठकर
मुक्ताताई, प्रश्न उलटा करून बघा. 'मेक्तुप'चा प मुळात ब आहे. शब्द अरबी, 'मक्तूब'. तुर्की जिभेला शब्दाच्या शेवटी ब, ज, द सहसा चालत नाहीत, म्हणून तो कठोर होतो. पुढे स्वर आला की ब शेवटचा राहत नाही आणि जसाच्या तसा ऐकू येतो. जुन्या अरबी लिपीत शेवटी ब-च लिहीत. 1928 साली लॅटिन लिपी आली आणि उच्चाराप्रमाणे प लिहू लागले. 'तोप'चा प मूळचाच, तो कशाला बदलेल? म्हणूनच अरबी 'हुकुक' (कायदा) अनेकाक्षरी असूनही 'हुकुकु'च राहतो.

आपल्याकडे सुप् + अन्त = सुबन्त होतं. वरवर तेच दिसतं, पण तिथे मूळ प खरोखरच मृदू होतो. मी संस्कृत शिकवत आलो, त्यामुळे हा फरक मला फार मोलाचा वाटतो. संधीचे नियम तुर्कीवर लादू नका.

आणि 'ओत' (गवत), 'ओद' (आग) बघा. दोन्ही शब्द वेगळे कळावेत म्हणून दुसऱ्यात शेवटी मुद्दाम द लिहितात.

मुक्ता_कोथरूड
काका, मनापासून आभार. म्हणजे प्रत्येक शब्दाचं द्वितीयेचं रूप शेजारीच लिहायला हवं?

नारायणपेठकर
हो, तुर्की शब्दकोशही तसंच देतात. 'चोजुक' (मूल) सारख्या शब्दांना वेगळं पान ठेवा. तिथे क जवळजवळ विरून जातो आणि 'चोजूऊ' असं लांबट ऐकू येतं.